दौलतशेठचं कथील

पोलॅरोग्राफ हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, मित्रांनो. मी तसला एक जुना पोलॅरोग्राफ आहे. ठाण्याला कोपरीत एका खाजगी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर मी पडून आहे. हे १९५९ साल. पुढच्या खोलीत गेल्या वर्षी नवं यंत्र आलं. ते शाईच्या पेनाने आपलं आपण कागदावर रेघ काढतं. मला ते जमत नाही. माझ्या पेटीवर आता रद्दीचे गठ्ठे ठेवतात, आणि चहाचे कपही. पण मी एका माणसाला चारचौघांत उघडं पाडलं आहे. त्या नव्या यंत्राने अजून कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. म्हणून माझी हकीकत तुम्ही ऐकाच.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. मला एक लाकडी पेटी आहे. पेटीत फिरणारा ढोल, ढोलावर छायाचित्राचा कागद आणि नखाएवढा आरसा. पेटीबाहेर स्टँडवर काचेची नळी लावलेली असते. नळीचं भोक केसाहून बारीक. तिच्या वरच्या टोकाला पाऱ्याचा फुगा, आणि खालच्या टोकातून पारा थेंब थेंब पेल्यात पडत राहतो. पेल्यात असतं ते पाणी, ज्याची परीक्षा करायची. मग बॅटरीची वीज सोडून तिचा दाब हळूहळू वाढवत नेतात. पाण्यात एखादा धातू विरघळलेला असला तर ठरावीक दाबाला तो पाऱ्याच्या थेंबावर येऊन बसतो. त्या क्षणी वीज जास्त वाहते, आरसा हलतो, उजेडाचा ठिपका सरकतो आणि कागदावर पायरी उमटते. कागद अंधाऱ्या खोलीत धुतला की ती दिसते. प्रत्येक धातूची पायरी आपापल्या जागी. पायरी जितकी उंच, तितका धातू जास्त. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसो, जिभेला गोड लागो, त्यात लपलेला धातू मला सापडतो.

मुंबईतली एक विलायती कंपनी स्वातंत्र्यानंतर गाशा गुंडाळून निघून गेली. तिच्या सामानाच्या लिलावात आमच्या मालकांनी मला १९४८ साली घेतलं. घेतलं खरं, पण मला चालवणार कोण? मालकांनी दोनदा हात लावून पाहिला आणि सगळा पारा जमिनीवर सांडला. मग त्र्यंबक पुढे झाला. तो तिथला रसायनतज्ज्ञ. अंगाने किरकोळ, बोलायला तुटक. पुस्तकात बघून त्याने मला जुळवलं. माझी नळी नायट्रिक ॲसिडने धुतली. पारा चामड्यातून गाळून घेतला. पहिल्यांदा कागदावर स्वच्छ पायरी उमटली तेव्हा अंधाऱ्या खोलीतून तो ओला कागद नाचवत बाहेर आला होता. लोक रंग आणत, औषधं आणत, बॉयलरचं पाणी आणत. माझं नाव झालं. मालक आल्यागेल्याला मला दाखवत आणि स्वतःच शोध लावल्यासारखे बोलत.

त्र्यंबकची बायको सुमती. दुपारी ती त्याचा डबा घेऊन येई. रत्नागिरीकडची होती, मोकळी बोलणारी. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या नळीतून पडणारे थेंब बघत राहिली.

"अहो, याला पडसं झालंय का?"

"पारा आहे तो. हात लावू नकोस, विष असतं."

"मग त्याला काढा द्या सुंठीचा. किती गळतंय नाक बिचाऱ्याचं!"

तेव्हापासून ती आली की आधी मला विचारी, "काय रे, बरं झालं का पडसं?" यंत्राची विचारपूस करणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

तिला आमसुलाचं सार फार आवडे. सकाळी पितळी पातेल्यात सार करून ठेवायचं आणि दिवसभर थोडं थोडं प्यायचं ही तिची सवय. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यातच भर घाले. शिळ्या साराला चव येते म्हणायची. त्र्यंबकला आमसूल चालत नसे. तो ताक प्यायचा, तेही चिनी मातीच्या वाडग्यातून.

१९५१ च्या सुमाराला ती बारीक होत गेली. पोटात कळ येऊन ती इथल्याच बाकावर दुमडून बसलेली मी पाहिली आहे. चेहरा पिठासारखा पांढरा. डॉक्टरांनी आधी वात म्हटलं, मग अशक्तपणा म्हटलं. एक दिवस डबा उघडताना झाकण तिच्या हातून पडलं. उचलायला गेली तर मनगट वर येईना, हात पानासारखा लोंबत राहिला. ती हसली आणि म्हणाली, "पोळपाटावर पण असंच करतो मेला." तेव्हा त्र्यंबकचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ होती.

"अगं, तू मिश्री लावतेस?"

"नाही हो. शप्पथ."

"मग हे काय आहे? लाज नाही वाटत? शिकलेल्या माणसाची बायको तू."

"नाही लावत म्हटलं ना."

त्याचा विश्वास बसला नाही. त्या काळी बायकांच्या हिरड्या काळ्या दिसल्या की घरात मिश्रीची डबीच शोधत. डबी सापडली नाही, तर लपवली असं धरत. त्या दिवशी ती मला काही न विचारता गेली. १९५३ च्या उन्हाळ्यात ती वारली.

त्र्यंबक तेराव्यानंतर कामावर आला. माझी नळी धुतली, बॅटरी जोडली आणि कामाला लागला. असे काही महिने गेले. मग एका रंगाच्या गिऱ्हाइकाने विचारलं की आमच्या रंगात शिसं आहे म्हणतात, त्याने कामगारांना काय होतं? उत्तर द्यायला त्र्यंबकने कपाटातलं जाड पुस्तक काढलं. उभ्याउभ्याच वाचू लागला. वाचता वाचता टेबलाला धरून खाली बसला. शिशाचं विष अंगात भिनलं की पोटात कळा येतात. रक्त कमी होतं. मनगटं लुळी पडतात. आणि हिरड्यांवर निळी रेघ उमटते.

गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं साहेब? पाणी देऊ?"

तो म्हणाला, "पाणीच बघायचंय मला."

त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच उरल्यावर तो माझ्या पेटीवर हात ठेवून बोलला. "ज्याने केलं त्याला मी सोडणार नाही." एवढंच. मला ते पुरलं. मित्रांनो, यंत्राला राग नसतो असं तुम्हाला शिकवतील. शिकवू देत. मी स्वतः विषावर चालणारं यंत्र आहे, आणि माझ्या नाकाला काढा द्या म्हणणारी बाई कोणीतरी विष देऊन मारली होती.

त्र्यंबक राहत असे त्या चाळीची विहीर खाडीच्या अंगाला होती. पलीकडे एक कारखाना होता. तिथे बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या ओतत. त्र्यंबकला वाटलं, झालं, चोर सापडला. सुमतीची धाकटी बहीण वासंती त्याच चाळीत राहायची. तिला त्याने सांगितलं, घरोघरचं पाणी मला आणून दे. वासंतीने चाळीतल्या बायका गोळा केल्या. दोन दिवसांनी टेबलावर तांबे आणि कळश्या येऊन बसल्या. सगळ्या अशा लखलखत होत्या की माझ्या आरशाला लाज वाटावी.

त्र्यंबकने एकेक पाणी आटवून थोडं केलं आणि माझ्याकडे दिलं. प्रत्येक कागदावर शिशाची पायरी उमटली. एकही घर सुटलं नाही. ते ओले कागद तसेच हातात घेऊन तो कारखान्याच्या फाटकावर गेला आणि सगळ्या कामगारांसमोर मॅनेजरला खुनी म्हणाला.

मॅनेजर शांत माणूस होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या मालकांना घेऊन विहिरीवर आला. बरोबर काचेची नवी बाटली होती. ती त्याने सगळ्यांसमोर भरून घेतली, बूच लावलं आणि बाटली माझ्यासमोर आणून ठेवली.

"आता बघा."

मी पाहिलं. त्र्यंबकने कितीही डोळे ताणले तरी कागदावर शिशाच्या जागी पायरी नव्हती. पुन्हा घेतलं, पुन्हा नव्हती. मी काय करणार? पाण्यात नसलेलं मी दाखवू शकत नाही.

मॅनेजर म्हणाला, "त्र्यंबकराव, तुमचं दुःख मला समजतं. पण ते घेऊन दुसऱ्याच्या दारात नका येऊ."

मालक मात्र चिडले. "आणखी एकदा असं केलंस ना, तर हे यंत्र भंगारात घालीन आणि तुला घरी बसवीन. लोक हसतात मला!"

संध्याकाळी वासंती आपले तांबे न्यायला आली. त्र्यंबक डोकं धरून बसला होता. ती हळहळली.

"असं कसं झालं हो भाऊजी? मी किती काळजी घेतली होती. तुमच्या प्रयोगशाळेत पाणी जायचं, मळक्या भांड्यातून कसं द्यायचं? विठ्ठल कल्हईवाला आदल्या दिवशी आलाच होता. अख्ख्या चाळीने भांडी कल्हई करून घेतली. ताईचं साराचं पातेलंसुद्धा मी करून घेतलं त्याच्याकडून."

त्र्यंबकने मान वर केली.

"कल्हई करून?"

"हो मग! नुसतं चिंचेने घासून का देणार?"

तुमच्या घरी पितळेची भांडी असतील तर कल्हईवाला तुम्ही पाहिला असेल. तो भाता लावतो, भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी आत फिरवतो आणि कापसाने पुसून काढतो. भांडं आतून चांदीसारखं होतं. आंबट पदार्थ पितळेत कळकू नये म्हणून हे करतात. कथील चांगलं असेल तर त्यात काही वाईट नाही. पण कथील महाग आहे आणि शिसं स्वस्त. दोन्ही पांढरी, दोन्ही लवकर वितळतात, आणि एकत्र केली तर कोणाला ओळखू येत नाहीत.

मलाही ती सहज ओळखू येत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. आंबट द्रावणात कथील आणि शिसं एकाच जागी पायरी चढतात, एकमेकांच्या आड लपतात. पण त्र्यंबकला ते ठाऊक होतं. त्याने सुमतीच्या पातेल्यातली कल्हई खरवडली, ॲसिडात विरघळवली आणि मग त्यात कॉस्टिक सोडा घातला. कॉस्टिकमध्ये दोघांची जोडी फुटते. शिशाची पायरी एकीकडे आणि कथलाची दुसरीकडे. कागद धुऊन त्याने खिडकीत धरला. शिशाची पायरी एवढी उंच होती की मला स्वतःलाच धक्का बसला. त्या कल्हईत निम्मं शिसं होतं.

मग त्याने त्याच पातेल्यात आमसुलाचं सार केलं. तिच्यासारखंच, गूळ जिरे घालून. दुसऱ्या दिवसापर्यंत मुरू दिलं आणि मला पाजलं. या वेळी पायरी कागदाबाहेर गेली. आंबटाने कल्हईतलं शिसं ओढून घेतलं होतं. त्र्यंबक म्हणाला, "एका पेल्याने कोणी मरत नाही. ती रोज प्यायची." आणि साराचं भांडं समोर ठेवून तो पहिल्यांदा रडला.

विठ्ठल कल्हईवाला दुसऱ्या दिवशी चाळीत पैसे घ्यायला आला तेव्हा त्र्यंबकने त्याला सदऱ्याला धरून प्रयोगशाळेच्या अंगणात आणलं.

"शिसं घालतोस कल्हईत? सांग! किती घरं मारलीस?"

"मारा साहेब, हवं तर मारा," विठ्ठल म्हणाला. "पण शिसं मी घालत नाही. कल्याणच्या दौलतशेठकडून कांडी आणतो, आहे तशी वापरतो. त्याच्या धुरात दिवसभर बसतो मी. हे बघा." त्याने बोटाने खालचा ओठ ओढला. हिरड्यांवर निळी रेघ होती. "बायको म्हणते, चोरून मिश्री लावता."

त्र्यंबकचा हात सुटला.

विठ्ठल सदरा सारखा करत म्हणाला, "पूर्वी कांडी वाकवली की करकरायची. खरं कथील आवाज करतं. आता मुकाट वाकते. शेठला विचारलं, तर म्हणतो नवीन माल आहे, परदेशी, तुला काय कळतं? आम्ही सगळे कल्हईवाले त्याच्याकडूनच घेतो. दुसरं दुकान महाग पडतं."

या वेळी त्र्यंबक कागद नाचवत कोणाच्या फाटकावर गेला नाही. एकदा तोंडघशी पडला होता. कल्याणला जाऊन त्याने दौलतशेठचं दुकान नुसतं बघून घेतलं. बाजारपेठेत मोठं दुकान होतं, पितळेच्या घागरींच्या माळा लटकत होत्या, आणि गादीवर शेठ गिऱ्हाइकांना पान देत बसला होता. तिथे कळलं की शेठला मोठ्या खाणावळींच्या भांड्यांच्या कल्हईचं काम हवं आहे, आणि खाणावळवाल्यांनी त्याच्याकडे माल शुद्ध असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागितला आहे. त्र्यंबकने निरोप ठेवला: ठाण्याला आमच्याकडे या, दाखला मिळेल.

१९५४ च्या वैशाखात दौलतशेठ आला. ऊन असं होतं की आमच्या खोलीतला पाराही नेहमीपेक्षा भराभर गळत होता. बरोबर त्याची बायको कलावतीबाई होती. शालू, नथ, अंगभर दागिने. ठाण्याला लग्न होतं, दाखला घेऊन तसेच तिकडे जायचं होतं. बाहेरच्या बाकावर विठ्ठल आणि त्याच्या धंद्यातले चार-पाच जण बसले होते. त्र्यंबकनेच त्यांना बोलावलं होतं. शेठने त्यांच्याकडे बघितलंही नाही. आमच्या मालकांना नमस्कार करून त्याने झब्ब्याच्या खिशातून एक कांडी काढली आणि त्र्यंबकच्या कानाशी नेऊन वाकवली. ती करकरली.

"ऐका साहेब, ऐका! बोलतंय बघा कथील. तुमच्या यंत्राला विचारा, त्याला काय दिसतंय."

त्र्यंबकने त्याच्यासमोर ती कांडी तासून माझ्याकडून तिची परीक्षा करून घेतली. कागद धुतला. शिशाच्या जागी काही नव्हतं. कांडी अस्सल होती.

"शुद्ध आहे," त्र्यंबक म्हणाला.

"आता कसं बोललात! मग करा सही."

"करतो. आधी थोडं सरबत घ्या शेठ. उन्हातून आलात."

टेबलावर सुमतीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. त्यातून त्याने काचेच्या पेल्यात आमसुलाचं सरबत ओतलं. लालभडक. शेठने पेला घेतला.

"वा, रंग काय सुंदर आलाय. घरी केलंत?"

"घरच्याच पातेल्यात. कालपासून मुरतंय. पातेल्याला नवी कल्हई केली आहे खास. कथील तुमच्याच दुकानातलं, विठ्ठलने आणलेलं."

ओठाला लागलेला पेला खाली आला. शेठने पातेल्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"अरेरे. आज माझा उपास हो."

"आमसूल उपासाला चालतं शेठ."

"मीठ असेल ना त्यात."

"सैंधव घातलंय."

"घसाही धरलाय जरा. गार नको."

"बर्फ घातलेलाच नाही."

कलावतीबाई पदराने वारा घेत होत्या. त्या वैतागल्या. "अहो, उपास कसला? लग्नाचं जेवायला निघालोय ना आपण? माणूस एवढं प्रेमाने देतंय. तुम्हाला नको तर मला द्या, माझा जीव चाललाय तहानेने." आणि त्यांनी नवऱ्याच्या हातून पेला काढून घेतला.

त्र्यंबक त्यांच्यापासून एका हातावर उभा होता. त्याने त्यांना अडवलं नाही. तोंडही उघडलं नाही. तो फक्त दौलतशेठच्या चेहऱ्याकडे बघत होता, जसा तो माझ्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत असे.

पेला ओठाला लागला आणि शेठने फटकन हात मारला. पेला फुटला. सरबत शालूवर, जमिनीवर, माझ्या पेटीवर उडालं.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला? शालू माझा!"

"पिऊ नकोस ते."

"का? काय आहे त्यात?"

"सांगतोय ना, पिऊ नकोस!"

"आणि घरी काय वेगळं पितो आपण? कल्हईच्याच भांड्यातलं ना?"

"घरी तसलं कथील नाही वापरत!" शेठ ओरडला. "घरचं वेगळं असतं!"

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

विठ्ठल दारात येऊन उभा राहिला. "वेगळं म्हणजे कसं शेठ? आम्हाला देता ते कुठलं मग?"

त्र्यंबकने कागद तयार ठेवले होते. एक पातेल्यातल्या कल्हईचा, एक साराचा. मालकांनी ते हातात घेऊन पाहिले. बाकी कोणी पाहिलेही नाहीत. आता गरजच नव्हती. खरं सांगू? माझ्या पायऱ्यांचा पुरावा असा बिनकामाचा ठरल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

कलावतीबाईंनी त्र्यंबकला विचारलं, "तुमच्या घरी कोण गेलं?"

"माझी बायको. सुमती."

"याच पातेल्यातलं पिऊन?"

"हो."

"आणि मला प्यायला देत होतात तुम्ही."

"शेठला दिलं होतं," त्र्यंबक म्हणाला. "तुम्ही घेतलंत. मी थांबवलं नाही."

त्यांनी त्याला शिवी दिली नाही की माफही केलं नाही. टेबलावरचा दुसरा पेला घेतला, पातेलं स्वतःच्या हाताने वाकडं करून तो भरला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घ्या. मी पिणार होते. आता तुम्ही प्या."

"कलावती, लोक बघताहेत."

"बघू देत. प्या."

शेठने मान फिरवली. बाईंचा हात तसाच पुढे होता. पेला त्यांनी सांडू दिला नाही. शेवटी तो त्यांनी माझ्या शेजारी टेबलावर ठेवला आणि एकट्याच बाहेर पडल्या. लग्नाला गेल्या नाहीत. थेट कल्याणला गेल्या.

पुढचं मला विठ्ठलने सांगितलं. तो इथे येतो अधूनमधून. आता खरं कथील वापरतो, फक्त हात अजून कापतात. त्या संध्याकाळी कल्याणच्या सगळ्या कल्हईवाल्यांनी आपल्या कांड्या नेऊन शेठच्या दुकानाच्या पायरीवर टाकल्या. करड्या कांड्यांचा ढीग झाला. खाणावळींचं काम गेलं. पण शेठला तुरुंग झाला नाही. तो म्हणाला, मलाही वरून तसाच माल आला, मला काय माहीत? आणि सुटला. त्र्यंबकने हे ऐकून मुठीने टेबल हाणलं, माझा आरसा निखळला. चिकटवला तरी तो पुन्हा सुटतो.

पण कलावतीबाईंनी विठ्ठलला घरी बोलावलं होतं. एक ताट, एक वाटी, एक तांब्या त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "यांना दुकानातल्या कथलाची कल्हई कर. एवढ्याच भांड्यांना." तेव्हापासून रोज दोन्ही वेळा शेठसमोर तेच ताट येतं. वाटीत आमसुलाचं सार असतं. बाई काही बोलत नाहीत. वाढतात आणि समोर बसतात. शेठ हात लावत नाही. पत्रावळ मागवून जेवतो. तहान लागली की मोरीत जाऊन नळाखाली ओंजळ धरतो. घराचे कोनाडे घागरींनी भरलेले आहेत, आणि त्यातल्या कुठल्या भांड्याला बायकोने काय लावून घेतलं हे त्याला माहीत नाही. पाच वर्षं झाली, तो ओंजळीने पाणी पितो.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्र्यंबक हसला. सुमती गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग तो माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाला, "पुरे का रे एवढं?"

तो अजून तसं विचारतो. पुढच्या खोलीत नव्या यंत्रावर काम करतो, पण जाता जाता मागे येतो. मला बोलता येत असतं तर सांगितलं असतं की पुरे नाही. सुमती शपथ घेऊन सांगत होती आणि दौलतशेठ गादीवर बसून पान लावत होता. मला त्याची दया येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही चांगली मुलं आहात, पण ती माझ्यावर लादू नका.

आता माझं सांगणं ऐका. घरी कल्हईवाला आला तर कांडी कानाशी धरून वाकवायला सांगा. सार, चिंच, लिंबू यांचं काहीही काचेत नाहीतर चिनी मातीत ठेवा. पाणी तपासायला द्यायचं तर काचेच्या बाटलीत द्या, चकचकीत तांब्यात नाही. घरातली बाई सारखी दुमडून बसत असेल तर तिच्यावर ओरडण्याआधी ती काय खाते, कशात शिजवते ते बघा.

आणि मित्रांनो, जुनी यंत्रं भंगारात घालू नका. माझ्यावरचे गठ्ठे उचला. माझी नळी धुवा, तिच्यात भुसकट शिरलं आहे. निखळलेला आरसा चिकटवा. पारा गाळून पुन्हा भरा. कल्याणच्या बाजारात कथलाची आणखी दुकानं आहेत, आणि त्यांच्या कांड्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.